जांभळाची भुकटी नको, जांभूळ हवे

करवंद अर्धे चावायचे, उरलेला अर्धा समोरच्याच्या डोळ्यांपुढे धरायचा. आतला गर लालभडक निघाला तर कोंबडा, पांढुरका निघाला तर कोंबडी. चावण्याआधी जो बरोबर सांगेल तो जिंकला. सह्याद्रीच्या घाटावर आणि घाटाखाली वाढलेल्या कितीतरी पिढ्यांनी उन्हाळ्याच्या सुटीत जाळीशेजारी उभे राहून हा खेळ खेळला आहे. हातांना चिकट चीक, अंगावर काट्यांचे ओरखडे आणि पोटभर करवंदे, एवढाच त्याचा हिशेब होता.

ज्या लाल रंगावरून कोंबडा ठरतो, तो रंग अँथोसायनिन या गटातल्या रंगद्रव्यांचा. हीच द्रव्ये आता परदेशी ब्लूबेरीच्या डबीवर, जांभूळरसाच्या बाटलीवर आणि कोकमाच्या गोळ्यांवर ‘अँटिऑक्सिडंटने समृद्ध’ अशा शब्दांत मिरवली जातात. ही फळे चांगली आहेत, यात शंका नाही. मात्र त्यांच्या नावावर जे विकले जाते त्यातले बरेचसे टिकणारे नाही, आणि ते विकण्याच्या घाईत खुद्द फळ, ते काढणारे हात आणि ते देणारी झाडेझुडपे मागे पडत आहेत. महाराष्ट्राने या फळांच्या औषधी दाव्यांवर खर्च होणारे बळ ताजे फळ लोकांच्या हाती पोचवण्यावर लावले पाहिजे.

आधी रंगाबद्दल. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा लाल रंग मुख्यतः पेलार्गोनिडिनचा. कोकमाच्या सालीचा गर्द लाल रंग सायनिडिनचा. जांभळाचा रंग डेल्फिनिडिन आणि त्याच्या पेट्युनिडिन, माल्व्हिडिन या भावंडांचा. या तिन्ही गटांचा सांगाडा एकच आहे. त्याच्या एका कड्यावर ऑक्सिजन आणि हायड्रोजनची एक जोडी असली की रंग केशरी-लाल दिसतो, दोन असल्या की किरमिजी होतो आणि तीन झाल्या की निळ्या-जांभळ्याकडे झुकतो. उन्हापासून पेशी वाचवायला आणि पक्ष्यांना ‘फळ पिकले’ हे कळवायला झाडाला हे रंग उपयोगी पडतात.

घरात याचा पडताळा सहज मिळतो. जांभूळ खाताना पांढऱ्या सदऱ्यावर थेंब पडला आणि घाईने साबण लावला, की डाग निघण्याऐवजी निळसर होतो. साबण अल्कधर्मी असतो, आणि अल्कात गेले की हे रंगद्रव्य निळ्याकडे वळते. त्यावर लिंबू पिळले तर डाग पुन्हा लालसर दिसू लागतो. कोकमाच्या सरबताचा रंग खुलतो तो त्याच्या स्वतःच्या आंबटपणामुळे. त्यात चिमूटभर खायचा सोडा टाकला तर तो क्षणात पालटतो. उष्णता, उजेड आणि हवा यांनीही हे द्रव्य मोडते. वर्षभर काचेच्या कपाटात राहिलेले कोकम सरबत लालाचे तपकिरी होते, ते याच कारणाने. बाटली तपकिरी झाली तरी तिच्यावरचे ‘अँटिऑक्सिडंट’ हे लेबल मात्र तसेच असते.

जांभळाने जीभ जांभळी होते आणि तोंड तुरट पडते, त्यातला तुरटपणा टॅनिन गटातल्या द्रव्यांचा. ती लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात, म्हणून जीभ कोरडी, खरबरीत वाटते. मीठ लावून जांभूळ खाल्ले की तो तुरटपणा जिभेला कमी बोचतो. गॅलिक आणि एलॅजिक ही आम्ले जांभळाच्या बीमध्ये भरपूर असतात, आणि बी वाळवून ठेवता येत असल्याने व्यापार गरापेक्षा बीकडे अधिक ओढला जातो.

आता ‘अँटिऑक्सिडंट’ या कीर्तीकडे. १९५६ मध्ये अमेरिकेतील डेनहॅम हार्मन यांनी मांडले, की शरीरात सतत तयार होणारे फ्री रॅडिकल म्हणजे जोडीदार इलेक्ट्रॉन नसलेले उतावीळ रेणू पेशींची मोडतोड करतात आणि त्यातून म्हातारपण येते. कल्पना सोपी होती आणि तिच्यातून निघणारा उपायही सोपा वाटला: या रेणूंना शांत करणारी द्रव्ये पोटात घालायची. मग कोणत्या पदार्थात अशी द्रव्ये किती, हे मोजायच्या रीती आल्या. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत सर्रास वापरली जाणारी एक रीत डीपीपीएच या रसायनाची. त्याचे द्रावण गर्द जांभळे असते. त्यात फळाचा अर्क टाकला आणि रॅडिकल शमले की द्रावण फिकट पिवळे होते. रंग किती उतरला ते यंत्र मोजते. करवंद, जांभूळ, कोकम, तुती, फालसा या सगळ्यांवर असे प्रयोग झाले आहेत आणि होत आहेत. या परीक्षेत ही फळे उत्तम उतरतात.

पण परीक्षानळी म्हणजे पोट नव्हे. शिवाय आकडे कसे काढले यावर सगळे अवलंबून असते. एकाने ताज्या फळाचे शंभर ग्रॅम धरले, दुसऱ्याने वाळवलेल्या भुकटीचे शंभर ग्रॅम धरले आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवले, तर भुकटी पाच-सहा पटींनी ‘श्रेष्ठ’ ठरते. फरक फक्त उडून गेलेल्या पाण्याचा असतो. झाड कोणते, फळ किती पिकलेले, अर्क पाण्यात काढला की मद्यार्कात, यांनीही आकडा बदलतो. ‘आमच्या जांभळात ब्लूबेरीपेक्षा इतके पट अँटिऑक्सिडंट’ असे वाक्य कानावर आले, की आधी हे विचारायला हवे.

ज्या देशातून ही आकड्यांची शर्यत जगभर गेली, त्या अमेरिकेनेच ती थांबवली. ब्लूबेरी हे तिथले रानफळ. न्यू जर्सीत फ्रेडरिक कोव्हिल आणि एलिझाबेथ व्हाइट यांनी १९११ पासून ते लागवडीखाली आणले आणि १९१६ मध्ये त्याचे पहिले व्यापारी पीक बाजारात गेले. विसाव्या शतकाच्या अखेरीस ओरॅक नावाच्या मोजणीने या फळाला प्रसिद्धी दिली. अमेरिकी कृषी खात्याने शेकडो पदार्थांचे ओरॅक आकडे प्रसिद्ध केले आणि कंपन्यांनी ते जाहिरातींवर छापले. २०१२ मध्ये त्याच खात्याने ती यादी आपल्या संकेतस्थळावरून काढून टाकली. नळीतल्या या आकड्यांचा माणसाच्या शरीरातल्या परिणामाशी संबंध दाखवता येत नाही आणि त्यांचा गैरवापर होतो आहे, असे कारण खात्याने दिले. आपल्याकडे मात्र अजून त्याच आकड्यांवर माल खपतो.

त्याही आधी मोठा धक्का बसला होता. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांना बीटा कॅरोटीन आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या देऊन पाहिले गेले. गाजरात, पपईत असणारे बीटा कॅरोटीन हे नावाजलेले अँटिऑक्सिडंट. फुप्फुसाचा कर्करोग त्याने कमी होईल ही अपेक्षा होती. १९९४ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत हा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेत १८,३१४ लोकांवर चाललेली अशीच दुसरी चाचणी १९९६ च्या जानेवारीत वेळेआधी बंद करावी लागली, कारण तिथे बीटा कॅरोटीन आणि अ जीवनसत्त्व घेणाऱ्या गटात फुप्फुसाचा कर्करोग २८ टक्क्यांनी अधिक दिसला. गाजर खाणे आणि गाजरातले एक द्रव्य वेगळे काढून मोठ्या मात्रेत गिळणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत, हे माणसांच्या आयुष्याच्या मोलाने कळले. जांभळाच्या, कोकमाच्या गोळ्या विकणाऱ्यांनी आणि घेणाऱ्यांनी हा इतिहास माहीत करून घेतला पाहिजे.

जांभळ्या रंगाचे पोटात काय होते, तेही आता बऱ्यापैकी कळले आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आठ पुरुषांना सायनिडिन-ग्लुकोसाइड, म्हणजे कोकमातही असणारे रंगद्रव्य, माग काढता येईल असा खुणेचा कार्बन घालून दिले गेले. त्यातला साधारण १२ टक्के भाग शरीरात शोषला गेला, आणि तोही बहुतांशी मोडतोड होऊन बनलेल्या लहान रेणूंच्या रूपात. ही मोडतोड करण्यात आतड्यातल्या जिवाणूंचा मोठा वाटा असतो. फळे खाल्ल्यावर रक्ताची अँटिऑक्सिडंट क्षमता थोडा वेळ वाढते, हेही खरे. पण ओरेगनमधील संशोधकांनी दाखवून दिले, की त्या वाढीचे मोठे श्रेय फळातल्या साखरेपासून शरीराने बनवलेल्या यूरिक आम्लाला जाते. रंगद्रव्य रक्तात जाऊन थेट रॅडिकल टिपत बसते, हे चित्र त्यामुळे फार टिकत नाही.

मग या फळांचा उपयोगच नाही का? आहे, आणि चांगला आहे. अमेरिकेतील परिचारिकांच्या एका दीर्घ अभ्यासात ९३,६०० तरुण आणि मध्यमवयीन स्त्रियांच्या आहाराची वर्षानुवर्षे नोंद ठेवली गेली. आठवड्यात तीनहून अधिक वेळा स्ट्रॉबेरी किंवा ब्लूबेरी खाणाऱ्या स्त्रियांमध्ये हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळले. हा निरीक्षणाचा अभ्यास; फळे खाणाऱ्यांच्या इतर सवयीही चांगल्या असू शकतात, हे लक्षात ठेवायला हवे. पण इंग्लंडमध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पोटाचा घेर, रक्तदाब, साखर अशा तक्रारी एकत्र असलेल्या ११५ जणांना सहा महिने अभ्यासले गेले. रोज १५० ग्रॅम ताज्या ब्लूबेरीइतका ऐवज मिळालेल्यांच्या रक्तवाहिन्यांचे काम सुधारले. इन्सुलिनच्या प्रश्नावर मात्र फरक पडला नाही. फायदा बेताचा, पण खरा, आणि तो मिळाला तो नेमाने, महिनोन्‌महिने, दीडशे ग्रॅम फळाइतक्या मात्रेने. चमचाभर मात्रेने नव्हे.

जांभळाचे नाव काढले की मधुमेह हा विषय येतोच. उंदरांवरच्या प्रयोगांत जांभळाच्या बीने साखर उतरल्याच्या नोंदी पुष्कळ आहेत. माणसांवरचा पुरावा तोकडा आहे. ब्राझीलमध्ये जांभूळ बाहेरून जाऊन रुजले आणि तिथे त्याच्या पानांचा चहा मधुमेहावर घरोघर घेतला जातो. तिथल्या डॉक्टरांनी रुग्णांवर रीतसर चाचणी घेतली, तेव्हा त्या चहाने साखर उतरली नाही. पान आणि बी एक नव्हे, हे मान्य. तरीही गावोगावच्या दुकानांत ‘शुगर बंद’ म्हणून विकली जाणारी बियांची भुकटी घेऊन कोणी डॉक्टरांची गोळी थांबवत असेल, तर तो जिवाशी खेळ आहे. अन्नपदार्थ रोग बरा करतो असा दावा करायला अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या जाहिरातविषयक नियमांनी मनाई आहे. नियम आहे, तो राबवणारा अन्न निरीक्षक या भुकट्यांपर्यंत पोचायला हवा.

साखरेचीही गोष्ट सांगितली पाहिजे. कोकणात घरोघरी रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळाची, साल आणि तिच्या दुप्पट साखर असे थर बरणीत लावून सरबताचा पाक करतात. उन्हातून आल्यावर त्याचा पेला घेण्यात काही वावगे नाही. पाहुण्याचे ते आदरातिथ्य आहे. पण तो पाक आरोग्याचे पेय म्हणून रोज दोनदा घेणाऱ्याच्या पोटात रंगद्रव्यापेक्षा साखरच अधिक जाते. त्यापेक्षा आमसुलाचे सार किंवा बेताच्या मिठाचे आगळ बरे. सालीला पुन्हा पुन्हा रसाचे पूट देऊन उन्हात वाळवलेले आमसूल आमटीत पडते तेव्हा ते कुठलाही दावा करत नाही, आणि रोजच्या जेवणात असते. आरोग्याचे खरे काम असेच रोजच्या जेवणातून होते.

आता मूळ मुद्दा. ही फळे आपल्याकडे पिकतात, पण ती खायला कोणाला मिळतात?

जांभूळ उतरले की दोन-तीन दिवसांत नरम पडते. फांदी कच्ची, झाड उंच. बांबू बांधून, वर चढून घड हाताने काढावे लागतात, आणि ऐन काढणीत पाऊस येतो. झाडावरून खाली पडलेले फळ फुटते आणि बाजारातून बाद होते. करवंदाची गत याहून नाजूक. भल्या सकाळी जाळीत शिरून, काटे चुकवत एकेक फळ तोडायचे, पानांच्या द्रोणात भरायचे आणि टोपली डोक्यावर घेऊन रस्ता किंवा एसटी स्टँड गाठायचे, हे काम आजही प्रामुख्याने कातकरी, ठाकर, महादेव कोळी समाजांतल्या बाया आणि मुले करतात. दुपारपर्यंत खपली तर खपली. सावली नाही, बर्फ नाही, बसायला ओटा नाही. संध्याकाळी उरलेला माल मिळेल त्या भावाने देऊन टाकावा लागतो.

दुसरीकडे, २०२३ मध्ये भारत-अमेरिका व्यापारी तंटे मिटवताना भारताने अमेरिकी ब्लूबेरी आणि क्रॅनबेरीवरचे आयात शुल्क कमी केले. कोणी ब्लूबेरी खावी, त्यात वाईट काही नाही. पण ते फळ हजारो मैल थंडगार डब्यात प्रवास करून पुण्याच्या दुकानात ताजे पोचते आणि मुरबाडचे करवंद कल्याणपर्यंत ताजे पोचत नाही, याला निसर्ग जबाबदार नाही. त्या फळामागे शंभर वर्षांची वाणनिवड, शीतगृहे आणि उत्पादकांच्या संघटना आहेत.

आपल्याकडे सुरुवात झालेली नाही असे नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने जांभळाचा ‘कोकण बहाडोली’, करवंदाचा ‘कोकण बोल्ड’, कोकमाचे ‘कोकण अमृता’ आणि ‘कोकण हातीस’ असे वाण दिले. पालघर जिल्ह्यातल्या बहाडोलीच्या आणि ठाणे जिल्ह्यातल्या बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळाले. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला ते आधीच होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये ५२८ भारतीय अन्नपदार्थांचे जे तक्ते प्रसिद्ध केले, त्यांत जांभूळ आणि करवंदही आहेत. म्हणजे झाड आहे, वाण आहे, मानांकन आहे, मोजमापही आहे. नाही ती मधली व्यवस्था: काढणीची सुरक्षित साधने, गावातच माल थंड ठेवणारी छोटी खोली, सकाळी निघून दुपारी शहरात पोचणारी गाडी, विक्रीची हक्काची जागा.

२००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क वनवासींना दिला आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा ग्रामसभेने या हक्काच्या बळावर बांबू स्वतः विकला आणि २०११ मध्ये वाहतूक परवान्याचे पुस्तक सरकारकडून आपल्या हाती घेतले. बांबू महिनाभर पडून राहिला तरी चालतो. करवंद थांबत नाही. म्हणूनच पालघर, ठाणे, रायगड, नाशिक, पुणे या जिल्ह्यांतल्या ग्रामसभांना हक्काच्या कागदाबरोबर बर्फाची पेटी आणि टेम्पोचे भाडेही लागते. भुकटीच्या कारखान्याला अनुदान देण्याआधी हा खर्च व्हावा.

आणखी एक काम शाळांमधून होऊ शकते. २०२३ च्या अखेरीस राज्याने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडी आणि अंडी न खाणाऱ्यांना केळी द्यायचे ठरवले. पुढे त्यासाठीचा राज्याचा निधी थांबला. तो पुन्हा सुरू व्हावा, आणि त्यात स्थानिक फळालाही जागा असावी. जूनच्या मध्यावर शाळा उघडतात तेव्हा पालघर-ठाण्यात जांभळाचा हंगाम सुरू असतो. गावातल्या बायांच्या बचत गटाने सकाळी उतरवलेले फळ दुपारी त्याच गावच्या शाळेच्या ताटात पडायला ना शीतगृह लागते, ना महामार्ग. पोरांच्या जिभा जांभळ्या होतील आणि पैसा गावात राहील.

या सगळ्याच्या मुळाशी असलेली झाडेझुडपे मात्र झपाट्याने कमी होत आहेत. डोंगरउतारावर प्लॉट पाडताना जेसीबीच्या पहिल्या फेरीत करवंदाची जाळी जाते, कारण ती काटेरी आणि ‘निरुपयोगी’. उन्हाळ्यातले वणवे उरलेल्या जाळ्या जाळतात. त्या जाळीच्या आडोशाला गुरांच्या तोंडापासून वाचलेली रोपे वाढतात, बुलबुल तिच्यात घरटी करतात आणि गावे तिचेच कुंपण राखत आली आहेत. रस्ता रुंद करताना कडेची जुनी जांभळे तोडली जातात आणि बदल्यात शोभेची झाडे लागतात. वनखात्याच्या आणि पंचायतींच्या वृक्षलागवडीच्या यादीत जांभूळ, करवंद, रातांबा, तोरण यांना ठरावीक वाटा मिळाला पाहिजे, आणि प्लॉट पाडणाऱ्याला जाळी राखण्याची अट घातली पाहिजे.

वाचकाच्या हातात जे आहे ते तसे थोडे आणि सोपे आहे. एप्रिलअखेर ते जून या काळात घाटातून, एसटी स्टँडवरून किंवा लोकलच्या पुलावरून जाताना द्रोण घेऊन बसलेली बाई दिसली, तर थांबावे, सांगेल त्या भावाने करवंदे घ्यावीत, घरी नेऊन स्वच्छ धुवावीत आणि त्याच दिवशी खावीत. जांभूळ घेताना फळ घट्ट आणि काळेभोर पाहून घ्यावे. मधुमेह असेल तर गोळी चालू ठेवून, डॉक्टरांना विचारून, बेताने खावे. भुकटीच्या डबीला जे पैसे लागतात, त्यात ही फळे घरात येतात.